फुली

बी.ए. तिसरं वर्ष, पेपर चौथा, अमेरिकेचा इतिहास.
एप्रिलची दुपार, नागपूर, सिव्हिल लाइन्स.
कूलरमध्ये पाणी नाही,
नुसता वाळ्याचा कोरडा वास.

मी पोटावाटोमींचे तह वाचून दाखवत होतो.
मिशिगन सरोवराकाठचे लोक.
नावाचा अर्थ सांगतात, अग्नी राखणारे.
हे भरभर सांगितलं,
परीक्षेत येत नाही.

मग एजंट साहेब आला. तंबू ठोकला.
घोंगड्या आल्या, कढया, आरसे, चांदीचे बिल्ले,
आणि पिंपं, ज्यांची नोंद वेगळ्या वहीत.
साहेब म्हणाला, वॉशिंग्टनातला तुमचा बाप
(राष्ट्राध्यक्षाला बापच म्हणायची रीत होती)
तुमच्यावर फार माया करतो,
म्हणून तुम्ही मोठ्या नदीपलीकडे जा.

इथे वर्ग हसतो. दरवर्षी हसतो.
मी तेवढ्यासाठी थांबतोही.

खाली सह्या. नावापुढे फुली,
नावापुढे फुली,
दीड पान.

मागच्या बाकावरून फुलवंती मरसकोल्हे:
"सर, फुली त्यायनंच मारली काय?"
म्हटलं, पुष्कळदा कारकूनच मारायचा.
ते नुसतं लेखणीला बोट लावत.
"अन् कागदात काय हाय ते कोन सांगे त्यायले?"
दुभाषी.
"त्याचं नाव?"
माझ्या पुस्तकात नव्हतं.

ती उभीच राहिली.
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
"मी होती, सर."

"बारा वर्साची. झिरो माइलाच्या अलीकडं हाफिस हाय,
तिथं बाबासंग आली होती.
गाव धरनात जाणार होतं.
साहेब चांगला होता. चहा पाजला,
बिस्किटाचा पुडा आमच्यापुढंच फोडला.
बाबाले मराठी येत होती बाजारापुरती:
मीठ, बैल, किती, नाही.
मी आश्रमशाळेत, सहावीत, वर्गात पहिली.
साहेब म्हणे, पुनर्वसन.
आमच्या बोलीत नाही तो शब्द.
मी सांगतलं, नवं घर.
साहेब म्हणे, संमती.
मी सांगतलं, इथं अंगठा लाव,
मंग जेवाले जाऊ.

भूक लागली होती, सर, मले."

पंखा फिरत होता, नव्हता, आठवत नाही.
कोणीतरी पेनाचं टोपण लावलं, तेवढं ऐकू आलं.

"किस म्हंतो आम्ही इस्तवाले," ती म्हणाली,
जणू मी विचारलं होतं.
"निघालो त्या दिवशी
बाबानं चुलीतले इंगळ मडक्यात घेतले.
ट्रकवाला म्हणे, डिझेलचे डबे हायेत मागं, विझव.
मराठीतच म्हणे.
हे मात्र मी बरोबर सांगतलं."

मी घड्याळ पाहिलं.
तह अजून तीन बाकी होते,
शेवटच्या तहातली वार्षिक रक्कम पाठ करायची असते,
पाच गुणांना येते.
मी फळा पुसला.
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही.
बावीस वर्षं मी हजेरीत
न आलेल्याच्या नावापुढे फुली मारतो.
सरळ दोन रेघा, हाताला सवय आहे,
न बघता पडतात.
त्या दिवशी पेनाचं टोक कागदाला टेकलं,
निळा ठिपका पडला, एवढंच.

महिनाअखेर मुख्य लिपिक गोतमारे
रजिस्टर घेऊन स्टाफरूममध्ये आले.
सर, हा रकाना कोरा राहिला.
हजर की गैरहजर, काहीतरी एक टाका.
मला पुढे पाठवायचं आहे.

आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून,
टोपण उघडून,
माझ्यासमोर धरलं.