औषध लागू

क्लाक्सविकच्या इस्पितळात ट्रोंडुरचा गुडघा
तिसऱ्यांदा उघडणार आहेत.
माझ्या तबकडीत मात्र सगळं ठीक:
औषधाच्या चकत्यांभोवती स्वच्छ, रिकामी वर्तुळं.
रिपोर्टवर मीच लिहिलं, ‘औषध लागू’.

तबकडीत स्टॅफ एकेकटे असतात,
भुकेले, वाढायच्या घाईत.
घाईतलं काहीही मारणं सोपं.
तिकडे धातूवर एकाने आधी जम बसवला,
मग स्वतःच्याच लाळेत चिखल कालवून
सगळ्यांनी घर बांधलं,
पाण्याच्या वाटांसकट.
तळघरात काही जण नुसते निजलेत.
खात नाहीत, वाढत नाहीत.
औषध दारावरून हाक मारून जातं.
सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात;
इथे खरोखर झोपलेलेच ओ देत नाहीत.

वॉर्डात जायचं माझं काम नव्हे, तरी गेले.
‘एक थर असतो,’ मी सुरुवात केली.
ट्रोंडुर हसला. चाळीस वर्षं होड्या बांधल्यात त्याने.
‘बुळबुळ ना? पोरी,
पाण्यात उभ्या होडीचा तळ
कधी घासून झालाय?
वर ओढावी लागते.’

मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
‘म्हणजे धातू काढणार.’
‘हो.’
‘आणि त्या जागी?’
‘औषध कालवलेलं सिमेंट. सहा आठवडे. मग बघू.’
बघू हा शब्द
मी रिपोर्टवर कधी लिहिलेला नाही.

घरी येऊन भांडी घासली.
सिंकच्या जाळीखालून सहज बोट फिरवलं.
कालच तर खरवडली होती.