तिसरा नियम

पिएलिनेन गोठलं की इर्या बाई
नववीचा वर्ग तळ्यावर न्यायच्या.
घसरगाडीत पुढे नवऱ्याला, तुओमोला, बसवून
मागून लाथ मारायच्या: बघा,
इथला बर्फ आणि तिथला, सारखाच.
खरखर सोडून द्या.
जागाच जागेला ओळखत नाही,
तर गाडीनं थांबावं तरी कुठे?

मग हात पसरून गिरकी. हात मिटले
की दिसायची नुसती लाल टोपी.
दिशा डावं-उजवं करत नाहीत रे!

तिसरं म्हणजे, आज कालसारखाच,
म्हणून ऊर्जेचा हिशेब पैला पै जुळतो.

तुओमो गेल्यावर तिसरं त्यांनी शिकवलंच नाही.
मार्चात मी विचारलं.
"पुस्तकात आहे ते बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या,
आणि पुढची बैठक मोकळी ठेवून
लाथ मारली.