उघड्यावरचं तांबं

चार दिवसांच्या सुट्टीवर नाशकात आले होते.
पहिल्याच सकाळी आप्पांनी घंगाळ समोर ठेवलं :
घे, तुमच्या त्या यंत्राला.
माझ्या आज्याच्या हातचं आहे. असं तांबं आता मिळत नाही.

कसं सांगणार, की तेच तर नको आहे.

भद्रकालीच्या मागे, आमच्या आळीत
सकाळी आठला सात हातोड्या सुरू होतात.
पूर्वी मोजायचं कारण पडत नसे.
त्या आवाजात मी दहावीचं प्रकाशाचं अपवर्तन पाठ केलं,
त्याच आवाजात, जरा ओरडूनच, म्हटलं :
आप्पा, वरून सतत काहीतरी पडत असतं.
हात पसरा. सेकंदाला एक, साधारण,
तळव्यातून आरपार जातो. म्युऑन म्हणतात त्याला.
त्याचा एक भाऊबंद आहे, न्यूट्रॉन. तो नुसता जात नाही,
तांब्याच्या अणूवर आदळतो, टवका उडवतो,
आणि उरतं ते तांबं नसतं. कोबाल्ट होतं.
थोडं. अगदी थोडं.
पण ते वर्षानुवर्षं कुजबुजत राहतं.

आप्पांनी खरंच हात पसरला होता.
उलटा करून मागूनही पाहिला.
म्हणजे वरही कोणी मठारतंय, म्हणाले.

हो. म्हणून आमचं तांबं
आम्ही खाणीच्या तळाशी पिकवतो,
आम्लाच्या पिंपात, रोज अर्ध्या केसाइतकं.
त्याला ऊन माहीत नाही.
वर आणावंच लागलं तर वहीत लिहायचं, किती तास उघड्यावर.
एकदा ट्रक पंक्चर झाला,
प्रणोतीने तीन तास जास्तीचे लिहिले आणि रडली.

आणि त्याच्या आत काय ठेवता?

जर्मेनियमचा गोळा. लाडवाएवढा, गारठलेला.
वाट बघतो.

कोणाची?

(इथे मी नेहमी अडखळते.)
जे आहे. निदान गणितात आहे,
दिसतं त्या सगळ्याच्या पाचपट आहे,
आकाशगंगांची मोट बांधून ठेवतं
आणि तुमच्या भात्यातून, कोळशातून, या चहातून
आत्ताही चाललंय, कशालाच धक्का न लावता.
सिद्धान्तवाल्यांनी त्याची इतकी बारशी केली,
पाळण्यात मात्र अजून कोणी नाही.

सहा वर्षं झाली ना तुला?

सहा वर्षं, चार महिने.
दर वर्षी आलेखावरची एक रेघ जराशी खाली सरकते :
इथवर नाही. इथवरही नाही.
आणखी खाली न्यूट्रिनोंचं धुकं आहे,
पौषात गंगापूर धरणावर असतं तसलं.
त्यात शिरल्यावर कोण कोणतं ते ओळखायचं कसं,
सध्या निम्मे शोधनिबंध यावरच.

तेवढ्यात एकजण बाटली बघायला आला,
मशीनची आहे का म्हणाला, नाही म्हटल्यावर गेला.
आप्पा त्याच्या पाठीकडे बघत राहिले.
मी घंगाळाचा विषय काढला नाही.

संध्याकाळी त्यांनी एका हंड्याला डाग दिला,
काठोकाठ पाणी भरलं, खाली कालच्या पेपरचं पान अंथरलं.
राहू दे रात्रभर.

सकाळी मी आधी उठले. वाकून, गुडघ्यावर बसून पाहिलं.
पान कोरडं.
सोन्याचा भाव, द्राक्षांचा भाव, वृश्चिक राशीला प्रवासाचा योग,
सगळं वाचता येत होतं.
आप्पा तोंडात ब्रश घेऊन मागे उभे.

काही सापडलं?

काही नाही.

मग झालं की काम, म्हणाले, दे गिऱ्हाइकाला.
आणि चूळ भरायला गेले.

घंगाळ मात्र न्यावंच लागलं.
नाशिकरोडला गाडीत ते सीटखाली मावेना,
मांडीवर घेऊन बसले, खिडकीतलं ऊन थेट त्यावर.
मनमाडच्या आधी टीसी आला. तिकीट पाहिलं, मला पाहिलं,
आणि जाता जाता बोटाने एक टिचकी मारली.

बराच वेळ वाजत राहिलं.