कडता

कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं
मी काट्यापाशी बसलो.
पोत्यात ओल किती, माती किती,
वाटेत किती आटणार,
तेवढा कडता धरायचा, मग भाव बोलायचा.
त्यामुळं गुळगुळीत पुस्तिकेवरचा
हसरा म्हातारा मला फसवू शकत नाही.
त्याचे दात नवे आहेत.

कोपरखैरण्याच्या घराला गिऱ्हाईक मिळालंय.
बयाणा घेतलेला नाही अजून.
लाल वहीत चार उभ्या रेघा मारल्या :
ठिकाण, अनामत, दरमहा, शेरा.

घोडबंदर. बेचाळीस लाख. दोघांचे अडतीस हजार.
जेवण त्यात, दूध वेगळं.
शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत :
दरवर्षी दहा टक्के वाढ.
म्हणजे आठव्या वर्षी जवळजवळ दुप्पट.
आठव्या वर्षी मी एक्याऐंशीचा.
शेरा : खाडी दिसते. खाडीचे पैसे लावलेत.

उलवे. अनामत थोडी, पण भाव तीन.
स्वतः चालतो त्याचा एक,
आंघोळीला माणूस लागतो त्याचा दुसरा,
अंथरुणाला खिळला त्याचा तिसरा.
मी म्हटलं, गोल्टी, मध्यम आणि गोळा.
टायवाला पोरगा हसला नाही.
म्हटलं, बाळा, आमच्याकडं
माल नासला की भाव उतरायचा.
तुमच्याकडं चढतो.
तेव्हा हसला. गाव विचारलं तर कोरेगावचा निघाला.
त्यानं हळूच सांगितलं,
विसरणाऱ्यांची इमारत रस्त्यापलीकडं आहे,
भेटायची वेळ चार ते सहा.

अनुसया बाहेर सोफ्यावर बसली होती,
पर्स मांडीवर घट्ट धरून.
‘कुणाला बघायला आलोय आपण?’
म्हटलं, ओळखीचे आहेत.
‘बरे आहेत का?’
म्हटलं, आहेत अजून.

खारघर. एकतीस लाख, दरमहा सेहेचाळीस.
आज महाग. पण कुठल्याही मजल्यावर गेलात,
कुठल्याही खाटेवर, तेवढेच.
आगाऊ सौदा आहे हा.
पीक येण्याआधी शेत घेतल्यासारखा,
गारपीट झाली तर ते बुडाले,
आणि आम्ही लवकर गेलो तर आम्ही,
कारण अनामत महिन्याला दोन टक्के झिजते.
पन्नास महिन्यांत शून्य.
लेकीनं फोनवर विचारलं, मग किती वर्षं धरू, बाबा?
तिच्याकडं कॉम्प्युटरवर तो रकाना रिकामा होता.
मी म्हटलं, लाइन कट होतेय.

तिथल्या मुदपाकखान्याच्या दाराशी
कांद्याची पोती उतरली होती.
अनुसया हात सोडून गेली,
वाकली, एक कांदा उचलला,
मानेशी अंगठ्यानं दाबला.
सतरा वर्षं निवडायला होती ती, पाच नंबरच्या गाळ्यात.
‘ओला हाय,’ आचाऱ्याला म्हणाली.
‘दोन किलो धर पोत्यामागं.’
आचारी माझ्याकडं बघायला लागला.
बाई बरोबर बोलत होती.

मग सिस्टर लिसीनं वरचा वॉर्ड दाखवला.
दाराला आकड्यांचं कुलूप.
मी विचारलं, आमची खोली कुठली असेल?
आणि तिथून दारापर्यंत चालत गेलो, मोजत.
त्रेचाळीस पावलं. मध्ये एक वळण, वळणावर बाकडं.
गुडघा धरला तरी जमेल.
घरी येऊन वहीत पाचवी रेघ मारली,
जागा नव्हती, समासातच मारली. पावलं.
घोडबंदरला मोजायचं राहिलं.
उलव्याला रस्ता ओलांडावा लागतो.

पण हे सगळं नंतर. त्याआधी, परतताना रिक्षात,
अनुसयानं पदराखाली माझा हात घेतला
आणि बोटं दाबली. आधी तीन. मग दोन.
जुन्या बाजारात रुमालाखाली असाच भाव ठरायचा,
तोंडानं बोलायचा नाही, शेजाऱ्याला कळता कामा नये.
तीन आणि दोन.
बत्तीस? तीनावर दोन कडता?
की नुसताच हात धरला होता,
तळोज्याच्या वळणावर रिक्षा उडाली म्हणून?

मी परत बोटं दाबली.
ती बाहेर बघत होती.
हात मात्र काढून घेतला नाही.