वेगळा हंडा

जुन्या जालन्यात नळाला बारा दिवसांनी पाणी येतं.
येतं म्हणजे आधी नळ खोकतो,
मग गंजाची एक गुळणी टाकतो, मग पाणी.
गल्लीत त्या वेळी कोणी कोणाचं नसतं.

हनोखमामा हिवाळे दोन भांडी घेऊन रांगेत यायचे,
घरची घागर आणि देवळाचा पितळी हंडा.
हंडा आधी लावायचे.
पाणी मध्येच गेलं तर घागर रिकामी परत,
आणि मामी दारातच कपाळाला हात लावायची.

वेदीच्या उजव्या अंगाला तो हंडा,
तोंडावर क्रोशाची झाकणी, कडेला काचेचे मणी.
बाप्तिस्म्याचं पाणी. एरवी कोणी शिवायचं नाही.
त्या दुष्काळात अकरा महिने
मंडळीत एकही लेकरू जन्मलं नाही.
मी म्हणाले, "मामा, कामून जीव काढता?
कोण येणारंय?"
"लेकरू दारात आल्यावर
पाणी हुडकत फिरू का मी?"

मी तेव्हा बियाण्याच्या कंपनीत निवडायला जायची.
एकोणीस वर्षं.
तिथलंही बी वेगळंच काढलेलं,
गुलाबी औषधात घोळलेली सरकी,
पिशवीवर कवटी, खाली 'खाऊ नये'.
कितीही घासली तरी नखं गुलाबीच राहायची.
मला वाटायचं, पवित्र म्हणजे असंच काही असणार,
झाकलेलं, शिक्का मारलेलं,
कोणाच्या पोटात न जाणारं.

वैशाखात एका रात्री
भिंतीपलीकडच्या शाहीनचं धाकटं
हगवणीनं सुकून गेलं.
डोळे खोल, जीभ चामड्यासारखी.
टँकर परवा. रिक्षा मिळेना. गल्लीत थेंब नाही.
मामांनी देवळाचं कुलूप काढलं,
झाकणी घडी करून खिशात ठेवली
आणि हंडा खांद्यावर घेतला.
उकळून, निववून, मीठसाखर घालून
चमचा चमचा, उजाडेपर्यंत.

रविवारी पंचांनी विचारलं, कोणाला विचारून?
मामा उभे राहिले. टोपी हातात.
बोलले काहीच नाहीत.
हंडा तर जागेवर भरलेला होता.
कुठून भरला ते त्यांच्या टाचांना विचारावं लागलं असतं:
पोलाद कारखान्याच्या मागची विहीर,
जाऊन येऊन सात किलोमीटर,
आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

ठेवलेलं पाणी नासतं.
हे मला कोणत्याच उपदेशात ऐकू आलं नव्हतं.
दर बारा दिवसांनी मामा ते फाटकातल्या लिंबाला घालायचे,
चिंचेनं हंडा घासायचे, पुन्हा रांगेत.
सव्वीस वर्षं.
मी एकदा बोटांवर हिशेब केला,
आठशेच्या आसपास हंडे,
त्यातले बाप्तिस्म्याला लागले एकेचाळीस.
बाकीचे सगळे लिंबाला,
आणि एक शाहीनच्या घरात.

मामा गेले, चावी माझ्याकडे आली.
पहिलं वर्ष उत्साहात गेलं.
दुसऱ्या वर्षी आधी ताप, मग पाहुणे,
मग नुसताच कंटाळा.
भाद्रपदात झाकणी उचलली
तर आत अळ्या नाचत होत्या.
वरून मणी तसेच चमकत होते.
किती वेळ बघत बसले कोण जाणे.
प्रार्थना सुचली नाही.
घरी जाऊन चिंच शोधली.

त्यानंतरही चुकलंय दोनदा.
सांगून टाकते.

आज पाणी रात्री पावणेतीनला आलं.
रांगेत माझ्यापुढं शाहीनचा तो धाकटा,
मिसरूड फुटलेला, मोबाईलच्या उजेडात जांभया देणारा.
मला बघून बाजूला सरला,
"खाला, पहिले देवळाचा लावा."
मंडळीत सध्या कोणाला दिवस नाहीत.
हंडा अर्धा झालाय.
घागर अजून पायाशी आडवी पडलीय
आणि नळ पुन्हा खोकू लागलाय.