हैमाच्या पूर्वेला हिमनदी

शुक्रवार. नमुन्यांची शेड बंद. मुसल्लम म्हणाला,
चल, तुला बर्फाची वाट दाखवतो.
मी हसलो. जुलैत हैमामध्ये
नळाचं पाणी रात्री बारालाही
चहापुरतं ऊन असतं.

पंपावर बर्फाची पिशवी घेतली,
थर्माकोलच्या पेटीत, टरबुजाच्या खाली.
मग दोन तास डांबर नाही, खूण नाही.
अभयारण्याची एक पाटी, अक्षरं वाऱ्याने खाल्लेली,
आणि एक ओरिक्स,
स्वतःच्याच सावलीत मावत नसलेला.

वादीच्या काठाशी गाडी थांबली.
ही बघ, तो म्हणाला.
ही म्हणजे?
एक फरशी. करडी, घोटलेली,
आमच्या आंगणात धान वाळवावं एवढी.

त्याने प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं.
माझा जीव आधी पाण्यासाठी तुटला.
मग रेघा वर आल्या.
सगळ्या एकाच दिशेला,
जसं कुणी जड कपाट ओढत नेलं
आणि घरमालकाची पर्वा केली नाही.

तीस कोटी वर्षं, मुसल्लम म्हणाला.
साहेबांना आणून आणून आकडा पाठ झालेला.
त्या खंडाचं नाव त्याने अडखळत घेतलं:
गोंडवाना.

मी, कवडू मडावी, घुग्घूसचा.
माझ्या दाखल्यावर, गोल शिक्क्याखाली,
त्यातलीच पहिली दोन अक्षरं.
त्या दाखल्यासाठी बाबा अकरा वेळा चंद्रपूरला गेले.
आजाचा पुरावा आणा. त्याच्याही बापाचा आणा.
एवढं मागचं कुठून आणू, बाबा म्हणायचे,
आणि पुन्हा सकाळची बस धरायचे.

इरईला, नदीकाठी,
सातवीत गेडाम सरांनी अशीच फरशी दाखवली होती.
अशाच रेघा. आम्ही तिच्यावर बसून मुरमुरे खाल्ले,
एका पोट्ट्याने खडूने शिवी लिहिली.
सर म्हणाले, इथं बर्फ होता रे, डोंगराएवढा.
काऊन फेकता सर, मागून कुणीतरी म्हणालं.
तो मीच होतो.

मुसल्लमला सांगितलं, मोडक्या अरबीत, अर्ध्या हिंदीत:
हा दगड आमच्या गावचा.
गावचा म्हणजे, गाव ह्याचं. म्हणजे...
तो म्हणाला, मग आता भाडं मागशील काय?

पेटी उघडली. उरलेल्या बर्फाचा एक खडा
मी एका रेघेवर ठेवला.
कशासाठी, ते मला आजही सांगता यायचं नाही.
तो घसरला, बोटभर,
आणि पाणी झाला.
मग पाणीही राहिलं नाही.

फोन काढला: बाबा, पुरावा सापडला.
रेंज नव्हती.
मुसल्लम चाकू पुसत होता, सदऱ्याच्या टोकाला.
टरबूज मात्र
आतून अजून गार होतं.