चौथी सावली

मी अठ्ठावीस वर्षं माणसं पुसली.
कोर्चाच्या छापखान्यात, मागच्या खोलीत,
खिडकीला काळा कागद, टेबलावर भिंग,
पांढरा रंग, करडा रंग, खारीच्या केसांचा ब्रश.
वरून चिठ्ठी यायची. चिठ्ठीत एवढंच :
डावीकडून दुसरा.
नाव नसायचं. नावापाशी हात अडखळतो.

आज शाळेत बोलावलंय.
ल्युत्फियेबाई म्हणाल्या, "पंदेलीकाका,
खोटं कसं ओळखायचं ते मुलांना सांगा."
म्हटलं, ओळखायचं मला ठाऊक नाही, बाई,
मला ते करता येतं. त्यावर भागेल का?

पहिल्या बाकावरच्या पोराने फोन पुढे केला.
पुराचं पाणी, मांजर छातीशी धरलेली मुलगी,
खाली लाल अक्षरं :
हे बघून रक्त उसळत नसेल तर तुम्ही माणूस नव्हे!
म्हटलं, ते वाक्य आधी अंगठ्याने झाक.
आता बघ.
पाणी. मुलगी. मांजर. मागे केळीची बाग.
आपल्या डोंगरात केळी कधी पिकली रे?
रक्त नंतर उसळव.
घाई त्यांना आहे, तुला नाही.

आमचे संपादक वांगेल म्हणायचे,
एकदा सांगितली ती अफवा,
तीनदा सांगितली ती बातमी,
रोज सकाळी सांगितलं की ते हवामान.
मग लोक आभाळाकडे बघत नाहीत,
छत्री घेऊनच बाहेर पडतात.

शेजारच्या खोलीत विशेषणं बनायची.
ज्याला पुसायचं त्याला महिनाभर आधी 'कीड' म्हणायचे.
महिन्याने चिठ्ठी आली
की माझा ब्रश हलका व्हायचा.

आणि 'म्हणे' हा शब्द.
एवढासा, पण त्याच्या आडोशाला अख्खा मोर्चा लपतो.
कोण म्हणे?
आमच्याकडे जनता म्हणायची.
जनता सोमवारी जी मागणी करायची
ती मी रविवारी रात्रीच
ओल्या शाईत वाचलेली असायची.
उत्पादन दुप्पट झालं, तेही खरंच होतं :
गेल्या वर्षी एक ट्रॅक्टर, यंदा दोन.
मुलं हसली. मीही हसलो,
तेव्हा हसलो नव्हतो.

मग मी खिशातून कात्रण काढलं.
कालव्याचं उद्घाटन, तीन माणसं, ऊन.
शेवटच्या बाकावरची फ्योराल्बा
भिंग मागून घेऊन वाकली,
बराच वेळ वाकलेलीच राहिली.
"माणसं तीन," ती म्हणाली.
"सावल्या चार."

पन्नास वर्षांत कुणी मोजल्या नव्हत्या.
मीसुद्धा नाही.

"तुम्ही मुद्दाम ठेवलीत ना?"
आणि तिच्या डोळ्यांत
माझा एक छोटासा पुतळा उभा राहू लागला,
हातात ब्रश, मान ताठ.
एक 'हो' पुरला असता.
कुठे थांबायचं, चष्मा कधी पुसायचा,
आवाज कुठल्या शब्दावर कापरा करायचा,
सगळं येतं मला.
ल्युत्फियेबाईंचा रुमाल बाहेर आलाच होता.

"विसरलो," मी म्हटलं.
"जेवायची सुट्टी होत आली होती.
डब्यात पालकाचं ब्यूरेक होतं,
गार झालं की चिवट लागतं."

रुमाल पुन्हा पर्समध्ये गेला.
पोरगी हिरमुसली, पण भिंग सोडेना.
"त्याचं नाव काय होतं?"

मी आठवू लागलो.
गालावरचा तीळ आठवला, तो आधी झाकला होता.
कोटाचं तिसरं बटण आठवलं.

"डावीकडून दुसरा," मी म्हटलं.

तिने वहीत चार काड्या ओढल्या,
तिघींखाली नावं लिहिली, कात्रणात छापलेली.
चौथीखाली जागा सोडली,
आणि घंटा झाली तरी
वही मिटली नाही.